दाता क्रमांक तीन यांस

तीर्थस्वरूप भाऊजींस,

एकुलत्या एका मेहुणीचा साष्टांग नमस्कार (साष्टांग खरोखरीचा समजावा; दिवसभर स्टुलावर वाकून पाठीचं लाकूड झालंय, म्हणून फरशीवर पालथी पडूनच लिहिते आहे). तुमचा गुडघा काय म्हणतो? खोलीवर वेळेवर जेवता ना? इकडची खुशाली कळवायची पद्धत आहे, पण त्यासाठी आधी ती असायला लागते. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. ताई बरी आहे, असं ताई म्हणते. तुमची खुर्ची तिने भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे आणि रोज न चुकता पुसते.

भांडण माझ्यावरून झालं, हे तुम्हालाही ठाऊक आणि मलाही. तुम्ही साहेबाच्या हातापाया पडून तिघांच्या सहलीसाठी सुट्टी काढली, बॅगा भरून झाल्या, आणि ऐन वेळी मी म्हणाले की पेशींना खायला घालायचंय, मला जमणार नाही. मी नाही म्हणून ताई नाही. "या घरात माझ्यापेक्षा त्या पेशींचं जेवण वेळेवर असतं," एवढं बोलून तुम्ही हत्यारांची पिशवी उचललीत आणि कामावरच्या खोलीत जे गेलात ते गेलातच. तेव्हापासून तुम्ही पाऊल मागे घेत नाही आणि ती तोंडातून शब्द काढत नाही. दोघंही एकाच माळेचे मणी. मधल्या मधे मी रोज दोन माणसांच्या टेबलावर तिघांचं जेवण जेवते, कारण ताईच्या हाताला अजून तीनचाच अंदाज आहे.

आता ज्यांच्यामुळे हे रामायण घडलं त्या पेशींची हकिगत ऐका. माझा विसरलेला डबा द्यायला तुम्ही एकदा प्रयोगशाळेत आलात आणि रक्त देऊन गेलात (डबा मात्र तसाच परत नेलात). त्या रक्तातल्या लढाऊ पेशींमध्ये आम्ही नवं जनुक घालतो, म्हणजे त्या कॅन्सर हुडकून मारतात. पण असल्या पेशी एखाद्या वेळी पिसाळल्या तर रोग्याच्याच जिवावर उठतात. म्हणून माझं काम त्यांना ब्रेक बसवायचं: ठराविक औषध दिलं की त्यांनी मुकाट्याने मरायचं, नाही दिलं तर जगायचं. तुमचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला, ब्रेकचं महत्त्व तुम्हाला मी काय सांगणार. बाकीच्या दात्यांच्या पेशी एक तर औषधाआधीच मान टाकत, नाहीतर औषध पिऊन ढेकर देत. फक्त दाता क्रमांक तीनच्या, म्हणजे तुमच्या पेशी सांगितल्या शब्दाबाहेर जात नाहीत. (हे ताईला सांगितलं तेव्हा ती किती तरी दिवसांनी हसली, आणि मग उठून आत गेली.)

तर आमच्या सरांनी (यांना आम्ही मागून 'उद्यापर्यंत' म्हणतो, कारण त्यांना सगळं उद्यापर्यंत हवं असतं) बाहेरच्या बड्या पाहुण्यांना बोलावलं आणि ब्रेक चालतो ते दाखव म्हणाले. यावर तुझा करार वाढायचा की नाही ते ठरेल, असंही म्हणाले. मी तुमच्या गोठवून ठेवलेल्या शेवटच्या पेशी काढल्या, वाढवल्या, दोन चपट्या डब्यांत घातल्या, एकीत औषध टाकलं. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर पडद्यावर पाहते तर औषध दिलेल्या सगळ्या ठणठणीत आणि न दिलेल्या सगळ्या गतप्राण! एका वयस्कर पाहुण्यांनी फार मायेने विचारलं की हे औषध टॉनिक म्हणून विकता येईल का. सर छताकडे बघत राहिले.

पाहुणे गेल्यावर माझ्या लक्षात आलं. नाव झाकणावर लिहायचं नसतं, डबीवर लिहायचं असतं, हे आमच्यात पहिल्या दिवशी शिकवतात. मी झाकणांवर लिहिलं होतं आणि पुसताना झाकणांची अदलाबदल झाली होती. म्हणजे तुमच्या पेशींनी सगळं बिनचूक केलं होतं, भाऊजी, आणि त्यांना खोटं पाडलं मी. धावत जाऊन सरांना सांगितलं तर म्हणाले, असेलही, पण पुरावा काय? पुरावा नव्हता, दोन्ही डब्या तोवर नष्ट करून झाल्या होत्या. जिन्यात बसून मी ओक्साबोक्शी रडले.

आता शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने रक्त देतो म्हटलं, पण तो सुईचं पाकीट फाडतानाच आडवा झाला. माझं स्वतःचं चालत नाही. चुकून सुई टोचली तर शरीर त्या पेशींना घरचंच माणूस समजेल आणि त्या आत संसार थाटतील. सगळे रस्ते बंद आहेत. इतकी वर्षं शिकून मी झाकणावर हरले.

तुमची,
मेहुणी

ता. क. खरं काम हे: पुन्हा एकदा रक्त द्यायला याल का? जेवून या, उपाशीपोटी नको. इथे आल्यावर आधी घरीच या, प्रयोगशाळेत मी घेऊन जाईन.

ता. क. दुसरा. ताईने इथपर्यंत वाचलं. तिला सांगितलंय की माझी नोकरी आता भाऊजींच्या रक्तावर आहे. मग म्हणाली, "तुझ्या कामासाठी बोलावत असलीस तर बोलाव. मी कशाला अडवू?"

ता. क. तिसरा, हा पाकीट चिकटवण्याआधी एकटीने लिहिते आहे. रक्त नकोय, भाऊजी. सरांनी कालच बोलावून सांगितलं की करार वाढणार नाही. महिनाअखेर माझं टेबल रिकामं होईल. ताईला अजून कळू दिलेलं नाही, कारण मग तुम्हाला बोलवायला तिच्याकडे निमित्त उरणार नाही. तेव्हा या. दारातच बाही वर करा आणि रक्त द्यायला आलोय म्हणा. माझ्या नोकरीचं मी तिला नंतर सांगेन, तुम्ही घरात असताना.