चालवणाऱ्याचा हात

बेर्गामो, इटली
२१ नोव्हेंबर २०२४

ती. अप्पांना काव्याचा नमस्कार, शरणु शरणार्थी. अव्वाच्या पाया पडते.

मी बरी आहे. थंडी आहे, पण सोसते. अव्वाने दिलेली शेंगाचटणी तळाला आली. इथल्या कोरड्या पावाबरोबर रोज तीच खाते.

कॅटलॉग कुरियरने पाठवते आहे, त्यात हे पत्र ठेवते. फोन रोज होतो, पण कारखान्यात तुमचा फोन स्पीकरवर असतो, मागे यंत्रमाग धडधडत असतात आणि मध्येच आपला धाकटा अनिलकुमार बोलतो. व्हिडिओवर तुम्ही फोन तांब्याला टेकवून ठेवता. चेहरा तेवढा दिसतो. म्हणून लिहिते आहे.

आधी कामाचं. गेल्या वर्षी घेतलेलं नक्षी विणणारं जॅकार्ड याच भागातलं. चादरीवर फूल कुठे उठवायचं ते त्याला सांगणारी फाइल इथल्याच सॉफ्टवेअरवर तयार होते. ते विकणारी दोन दुकानं पाहिली. पहिल्या दुकानातल्या पॅकेजमध्ये हजारो तयार डिझाइनं आहेत. निवडायचं, रंग बदलायचा, पाठवायचं. काढायची सोय आहे, पण काढावं काहीच लागत नाही. दुसऱ्या दुकानातलं सॉफ्टवेअर कोरं आहे. पडद्यावर आपल्या ग्राफच्या कागदासारखे चौकोन येतात, ते आपण भरायचे. आपल्याला एकच परवडतं.

अनिलकुमारला मी दोन्ही सांगितली. तो म्हणाला, "अक्का, तयारवालं घे की. काढत बसायला कोन हाय हितं?"

मी म्हटलं, "अप्पा आहेत."

तो म्हणाला, "तू लई लांब हायेस, अक्का." मी फोन ठेवला. त्याचा राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं.

भाषेचं विचाराल. मला इटालियन येत नाही, त्यांना इंग्रजी जेमतेम येतं. मी फोनमध्ये मराठीत लिहिते, फोन त्यांच्या भाषेत वाचून दाखवतो. ताणा, बाणा, आवळणं, विणकामातलं सगळं एका सुरात वाचतो. दिवसभर न कळणारी भाषा ऐकली की संध्याकाळी स्वतःचं बोलणंही नको होतं. सॉफ्टवेअरच्या बटणांवरही त्यांचेच शब्द आहेत. त्यातला पहिला पाठ झाला तो 'अन्नुल्ला'. शेवटचं केलेलं पुसायचं आणि एक पाऊल मागे यायचं, त्याचं बटण. दिवसातून किती वेळा दाबते, सांगत नाही.

निघताना तुम्ही म्हणाला होता, "दुकानदार चालवून दाखवतोय म्हणून भुलायचं न्हाई. चालवणाऱ्याचा हात लागल्याबिगर यंत्र घ्यायचं न्हाई." आपल्याकडे जुना माग घेतानाही तुम्ही असंच करत आलात. ज्याला चालवायचं आहे त्यालाच नेता, पाळीभर त्याच्याकडून चालवून घेता, मग बोलणी. म्हणून खरं तर तुम्हीच यायला हवं होतं. व्हिसासाठी पुण्याला जाऊन अधिकाऱ्यासमोर सही करायची होती. अव्वाला एकटं कसं सोडू, असं तुम्ही म्हणालात. अव्वा त्याच आठवड्यात एकटी मैंदर्गीला लग्नाला जाऊन आली.

पहिल्या दुकानात मी पडद्यावर चालवायचं पेन हातात घेतलं आणि वाकडंतिकडं चालवलं. चौकोन सोडून रेघा भलतीकडे जात होत्या. विकणारा मुलगा सभ्य होता. त्याने माझ्या हातातलं पेन घेऊन सावकाश करून दाखवलं. मी पुन्हा तसंच केलं. शेवटी त्याने नवशिक्यांच्या वर्गाचं पत्रक दिलं. मी ते घेतलं. डिझाइनची पदवी आहे हे त्याला सांगितलं नाही. मी असं का करते आहे तेही सांगता आलं असतं. फोनमध्ये एक ओळ लिहायची होती. ती मराठीत लिहून पडद्यावर बघायची माझी तयारी नव्हती.

दुसरं दुकान लुईसा नावाच्या बाईंचं. वय तुमच्याएवढं. पूर्वी त्या गिरणीत डिझाइनं काढायच्या. तिथेही मी तसंच सुरू केलं. त्यांनी मला दोन मिनिटं बघितलं, फोन जवळ ओढला आणि त्यात बोलल्या. फोनने मराठीत वाचलं: "तुम्हाला काम येतं. तुम्ही नाटक का करता?"

मी फोन उचलला नाही. उजवा हात टेबलावर ठेवला. तुटलेल्या दोऱ्याची टोकं जोडताना वळतो तसा अंगठा आणि त्याशेजारचं बोट एकमेकांवर फिरवत राहिले. मग मनगटही हलू दिलं. त्यांना वाटलं मला थंडी वाजते आहे. उठून खिडकी लावली, गरम दूध आणून दिलं. मी दूध प्यायले. कप ठेवला आणि हात पुन्हा तसाच हलवला.

त्या बघत राहिल्या. मग हळूच विचारलं, "पापा?"

मी म्हटलं, "अप्पा."

त्यानंतर बोलायला फोनची गरज लागली नाही. त्यांनी चौकोन मोठे केले, इतके की पडद्यावर एकच पाकळी मावावी. चौकोनात पेन कुठेही टेकलं तरी पूर्ण चौकोन भरतो. पेन उचलताना निसटलेला ठिपका धरू नये अशी सोय त्यांनी शोधून काढली. पेन बारीक होतं, त्याला फडक्याची पट्टी गुंडाळून जाड केलं. मग मला खूण केली. मी तुमचा हात करून आपल्या मोराचा तुरा काढला. वेळ लागला. दोन चौकोन चुकले. अन्नुल्ला.

हात लागला, अप्पा.

मागच्या वर्षीच्या दिवाळीपासून मला माहीत आहे. चहाची बशी तुम्ही टेबलावरून उचलत नाही. कागदावर सही अनिलकुमार करतो आणि तुम्ही चष्मा शोधत असता. ग्राफ तुम्ही बंद केले तेव्हा डोळ्यांचं कारण दिलंत. त्याच दिवशी छताजवळ उडालेला एक धागा तुम्ही खालून दाखवला होता. कुणी काही म्हणालं नाही. मीही नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून गप्प बसलो असं मी धरून चालले होते. आता तसं वाटत नाही. आम्हालाच ते सोपं होतं.

मी सोलापुरात आले की आधी डॉक्टर. हे मी विचारत नाही, सांगते आहे. अव्वालाही बरोबर घेऊ.

आणि एक खरं ते लिहिते. हे सॉफ्टवेअर किती दिवस पुरेल, मला माहीत नाही. लुईसाबाईंनाही विचारलं नाही. अनिलकुमारचं पॅकेज सगळ्यांनाच पुरेल, पण मग चादर आपली राहणार नाही. तुम्ही तयारवालं म्हणालात तर तेच आणीन. वाद घालणार नाही. दमले आहे.

ऑर्डरचा कागद सोबत आहे. मालक म्हणून तिथे तुमची सही लागते. माझी चालणार नाही, आणि अनिलकुमारला करू देऊ नका. दुकानाचं नाव लिहायची जागाही मी कोरी ठेवली आहे, ती तुम्हीच भरायची. पत्र टेबलावर ठेवून वाचा, कागदही टेबलावरच ठेवा, आणि मागे कुणी उभं नसताना लिहा. अक्षर चौकटीबाहेर गेलं तरी जाऊ द्या. मला वाचता येतं.

वाट पाहते.

तुमचा हात इथे चालवून बघितलेली,
काव्या