मधलंच अक्षर विचारलं तर

आई, तुला खरंच वाचता येत होतं का? रागावू नकोस. तुला जाऊन तीस वर्षं झाली, आणि हा संशय मला आत्ता, २०१७ साली आलाय, अंगणवाडीत मदतनीस म्हणून पोरांची नाकं पुसता पुसता.

आमच्याकडे पोरं ताटात रेती पसरून बोटानं अक्षरं गिरवतात. त्यात एक आहे सुकी मासळी विकणाऱ्या म्हातारीची नात, चार वर्षांची. तिचा हात असा वळतो की बघत राहावं. क, ख, ग, घ, न चुकता. परवा मी मधलाच ‘म’ काढून विचारलं, "हे काय गं?" तर बाईसाहेबांनी ताट जवळ ओढलं. रेती पुसली आणि पुन्हा ‘क’पासून निघाली. "मधलं नाय येत. आजी पयल्यापासूनच करते." माझ्या मनात पाल चुकचुकली. म्हातारी तिला न्यायला आली तेव्हा मी मुद्दाम लसीकरणाचा कागद पुढं केला. "मावशी, तारीख वाचा बघू."

"चष्मा घरी रायला गो बाय."

"डोक्यावर चढवलाय तो काय मग?"

ती हसली. चष्मा लावला, कागद उन्हात धरला, जरा वेळ ओठ हलवले आणि म्हणाली, "तूच सांग. तुझा आवाज गोड."

आणि आई, मला तू दिसलीस. जवळा सुकवायच्या जागेवर उकिडवी बसून, माझं बोट धरून, रांगोळी काढावी तशी तू अक्षरं काढतेयस. मी मधलंच एखादं विचारलं की पाठीत धपाटा घालतेस, "पयल्यापासून चल!"

मग चौथीतला तो दिवस. गुरुजींनी दिलेली चिठ्ठी मी तुझ्या हातात ठेवली. तू हात लुगड्याला पुसलेस, चिठ्ठी अशीच उन्हात धरलीस आणि मासळी निवडणाऱ्या सगळ्या बायकांसमोर म्हणालीस, "लिवलंय, पोरीला आता घरीच ठेवा." दुसऱ्या दिवसापासून मी बोंबील टांगायला. पुढं पुड्यांचे कागद वाचून शिकले ते शिकले. तुला हाताखाली माणूस हवं होतं म्हणून तू खोटं वाचलंस, हे मी इतकी वर्षं मनात धरून बसले. आता वाटतं, तुला त्यातलं ओ का ठो कळलं नसेल, आणि बायका तोंडाकडे बघताहेत म्हणून काहीतरी बोलून गेली असशील. पण मग नेमकं तेच कसं सुचलं? बघ, सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

काल म्हातारीच्या घरी जाऊन तिच्या सुनेला तारीख तोंडीच सांगून आले. म्हातारीकडे बघितलं नाही.

हे पत्र कुठं धाडायचंच नाही, म्हणून लिहिते. ती चिठ्ठी मी वाटेतच वाचली होती. ‘मुलगी हुशार आहे, तलासरीला वसतिगृहात ठेवून पुढे शिकवा,’ असं होतं. तू उलटं वाचलंस तेव्हा मी शेजारीच उभी होते, आणि गप्प राहिले. तुला सोडून जायचं नाही म्हटल्यावर मला बरं वाटलं होतं.