दिसेल त्याचं काम

प्रिय दादा,

फोन सोडून हिला पत्राची हुक्की कुठून आली, असं म्हणशील. फोनवर तू घाईत असतोस, आणि मी बाबांची तब्येत सांगायला लागले की तुझी रेंज जाते. तेव्हा आता निवांत बस आणि वाच. मीही बसूनच लिहिणार होते, पण दोन ओळी झाल्या की उठतेय. खिडकी उघडते, लावते, बाबांचं पांघरूण सारखं करते, पुन्हा येते. अक्षर वेडंवाकडं आलंय, नाक मुरडू नकोस.

आधी चांगलं सांगते. काचेचा कारखाना बंद पडून मालक निघून गेला, तेव्हा बाबांनी कामगारांना घेऊन उभी केलेली ही बिनपैशाची वसाहत अजून उभी आहे. छपरांवर वीज तयार होते, विहिरींना पाणी आहे, बेकरीत रोज पाव उरतो. कोठीतून ज्याला जे लागेल ते त्याने न्यावं, कुणी हटकत नाही. पैशाशिवाय जग चालेल का, यावरून तू जेवताना बाबांशी हमरीतुमरीवर यायचास. चालतं रे. इथे कुणी उपाशी झोपत नाही. तू हरलास. पण बाबाही जिंकले असं मला म्हणवत नाही, आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

बाबांचा तो लाडका नियम तुला आठवत असेल. कामं वाटून द्यायची नाहीत, कारण वाटणारा आला की साहेब आला. ज्याला दिसेल त्याने काम करायचं. नळ गळताना तुला दिसला ना, मग तूच दुरुस्त कर. आपल्या लहानपणी लोक कामं हुडकत फिरायचे. पुढे हळूहळू, कुणाच्या लक्षातही न येता, माणसं न बघायला शिकली. नळ गळायला लागला की त्या बाजूला कुणी फिरकतच नाही. आणि बोलायचं कुणाला? डोळ्यांवर कातडं ओढलंय असं कुणाला तोंडावर म्हणता येतं का?

बाबांना झटका आला, उजवं अंग गेलं, तेव्हा सुरुवातीला घर माणसांनी भरलेलं असायचं. सुतारकाका त्यांना उचलून बसवायचे, अंग पुसायचे. मग आपल्या दारावरची वाट ओस पडत गेली. बेकरीला जायला हीच वाट जवळची, तरी लोक पाण्याच्या टाकीला वळसा घालून जातात. सूप मात्र न चुकता येतं. दाराबाहेर भांडं ठेवतात आणि मागे वळतात. आत डोकावत नाहीत, डोकावलं तर दिसेल ना! इतकं सूप येतं की मी ते झाडांना घालते. माणसं वाईट नाहीत रे. मला बाबांजवळ बसता यावं म्हणून सुतारकाकांनी न मागता खुर्ची करून दिली, तीही दाराबाहेरच ठेवली. इथे सगळं भरपूर आहे, फक्त बाबांची कूस बदलायला कुणाचे हात मिळत नाहीत. मला ते दिवसभर दिसतात, म्हणून ते काम माझं.

परवा माझा तोल गेला आणि मी रागारागाने सुपाचं भांडं आपटलं. बाबांनी ते ऐकलं. जीभ अजून जड आहे, पण अगदी स्पष्ट म्हणाले, "मला चौकात नेऊन ठेव. दिसू दे सगळ्यांना."

आपल्या माणसांवर केवढा तो विश्वास! मी खाट ढकलत चौकात नेली. लोक जमले, ओशाळले. सुतारकाकांनी दाढी केली, विणकर बायकांनी पाय चेपले. मला वाटलं, जमलं बाई एकदाचं. कित्येक महिन्यांनी त्या दुपारी मी गाढ झोपले. उठून गेले तर खाटेभोवती पडदा! निळा, जाड, कोठीतलं सगळ्यात चांगलं कापड. बाबांना ऊन लागू नये म्हणून लावला, असं त्या बायका अगदी मायेने म्हणाल्या. पडद्याआड बाबा ओल्या चादरीवर पडून होते. मला हसू फुटलं, मग रडू आवरेना. बाबांनी ते कापड दोन बोटांत धरून पाहिलं आणि घरी ने म्हणाले.

हे सांगायला फोन केला, तर तू लगेच म्हणालास, पगारी नर्स ठेव, पैसे मी पाठवतो. उंटावरून शेळ्या हाकणं तुला छान जमतं. मी फोन ठेवला, तुला वाटलं बाबांच्या तत्त्वापायी. तत्त्व गेलं खड्ड्यात, नर्स मला हवीच आहे. पण माझ्या मनात आलं, हाही पडदाच पाठवतोय, फक्त विकतचा. झटका आल्यापासून तू एकदाही आला नाहीस. मी व्हिडिओ लावला की कापतोस आणि साधा फोन करतोस. दादा, तू वसाहत सोडलीस, पण वागतोस अगदी इथल्यासारखाच. मला त्याचा राग येतो, फार येतो.

म्हणून आता नीट वाच. बाबांच्या उजव्या टाचेला जखम झालीय. उजवा हात छातीशी आखडलाय, तो हळूच सोडवून आतून पुसावा लागतो. घास उजव्या गालात अडकतो, बोटाने काढायचा. पाणी चमच्याने, मान पुढे झुकवून. चादर ओली झाली की सांगत नाहीत, नुसते डोळे मिटून घेतात. संध्याकाळी दाराकडे बघत राहतात. कुणाची वाट बघताय विचारलं, तर म्हणतात बेकरीवाल्याची. बेकरीवाला दाराबाहेर पाव ठेवून जातो, तोही सकाळी. हे सगळं तू वाचलंस, म्हणजे आता तुलाही दिसलंय. नदीपलीकडच्या वसाहतीत काचेची नवी भट्टी पेटतेय. एकदा पेटली की ती विझवता येत नाही, आणि आच सांभाळणारं माणूस त्यांच्याकडे नाही. बाबांकडून शिकलेलं हे काम मला येतं आणि मला ते करायचंय. बाबांना सांगितलं, तर त्यांनी डाव्या हाताने माझं डोकं थोपटलं. मी सोमवारी निघतेय. सकाळच्या गाडीने आलास तर औषधं समजावून देईन. दुपारच्या गाडीने आलास तर बाबा एकटेच असतील.

तुझीच,
शेंडेफळ