टॉफीच्या रक्तावरची साय

हॉर्शम,
सोमवार, २० मे २०१९

ती. मर्लआत्यास,
लिनेटचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू सोयीनं ऐकतेस, म्हणून शाळेच्या बसवाल्या नोएलबरोबर हे पत्र धाडते. टॉफी जिवंत आहे. वाचेलच असं मात्र आज छातीवर हात ठेवून सांगणार नाही.

काल सकाळी तुझ्या शेजारच्या कीथनं तिला माझ्या दवाखान्यात आणलं, तेव्हा ती पुढचे पाय जमिनीला टेकून, ढुंगण वर करून उभी होती. पोटात असह्य कळा आल्या की कुत्री तशी उभी राहतात. ऐंशी किलोमीटर बिचारी त्याच्या गाडीत ओकत आली. बावीस वर्षं मी जनावरांची घाण उपसतेय, पण हा तेलकट, आंबट वास नाकातून जाईना. शी! दोनदा आंघोळ केली तरी केसांना येतोच आहे.

रक्त काढून नळी यंत्रात फिरवली की वर स्वच्छ पिवळसर पाणी सुटतं. टॉफीच्या नळीत दुधावर धरते तशी पांढरी साय आली. चरबी आहे ती, आत्या. इतकं ओकूनसुद्धा रक्तात तरंगणारी चरबी. 

पचनरसांच्या दोन जुन्या पद्धतीच्या तपासण्यांचे आकडे सरळ आले. एखादा त्यावरच हुरळला असता, पण कुत्र्यांच्या बाबतीत त्यांचा भरवसा नाही. स्वादुपिंड सुजून लाल झालेलं असतानाही ते साळसूद राहतात. म्हणून खास स्वादुपिंडाच्याच रसाची तपासणी केली. पट्टीवर दोन निळे ठिपके उमटतात, एक कुत्र्याच्या रक्ताचा, एक तुलनेसाठी. कुत्र्याचा ठिपका शेजारच्यापेक्षा गडद आला, तर गडबड. टॉफीचा गडद आला. फिका आला असता तर हा आजार जवळजवळ नाहीच म्हटलं असतं. गडद आला म्हणून आहेच, असं मात्र होत नाही. तेव्हा नमुना मेलबर्नला पाठवलाय, नेमका आकडा मागवलाय, आणि पोटाची सोनोग्राफी करणार आहे. तोवर सलाइन आणि दुखणं कमी करायची औषधं चालू आहेत.

आता मला एवढंच सांग, शनिवारी तिनं काय खाल्लं? लोभ असावा, आणि उत्तर सरळ असावं.

तुझी,
लिनेट

टारिंगडेल,
मंगळवार, २१ मे

चि. लिनेटला अनेक आशीर्वाद.

काय खाल्लं म्हणून मला काय विचारतेस? त्या कीथला विचार. माझी टॉफी माझ्या हातची कोरडी बिस्किटं खाते, दुसऱ्या कशाला तोंड लावत नाही. विषारी मांसाचे तुकडे पुरतो तो मेला, कोल्ह्यांसाठी म्हणे! तीन वर्षांपूर्वी ती एकदा त्याच्या मेंढ्यांमागे धावली, तेव्हापासून डूख धरून आहे. आणि मग मला गाडी चालवता येत नाही म्हणून स्वतःच तिला घेऊन तुझ्याकडे धावला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय?

शनिवारी मतदानाच्या दिवशी शाळेपुढे सॉसेज भाजायला आम्ही बायकाच होतो. तोही आला, दोन खाल्ली, कांदा नको म्हणाला. असल्या माणसाला मी या हातांनी वाढलं, याची शिसारी येते मला.

रविवारी प्रार्थनेनंतर चहाला सगळ्यांसमोर मी त्याचं नाव घेतलं. पोलिस डेस्मंडनं त्याच्या शेडमधलं विष जप्त केलं आणि परवाना थांबवला. डेस्मंडनं विचारलं तर कीथ म्हणे, या महिन्यात विष टाकलंच नाही. आणखी काही माहीत आहे का विचारलं, तर नुसता बुटांकडे बघत राहिला. आता दुकानात कुणी त्याच्याशी बोलत नाही. बरं झालं.

लिनेट, तिला वाचव गं. तुझा आतोबा आर्ची गेल्यापासून या घरात माझ्या हाकेला ओ देणारी तीच एक आहे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आत्या,
मर्ल

हॉर्शम,
गुरुवार, २३ मे

ती. मर्लआत्यास,
नमस्कार.

आधी चांगलं सांगते. टॉफीनं आज उकडलेल्या कोंबडीचे दोन तुकडे खाल्ले आणि ते पोटात राहिले. ती वाचली.

आता दुसरं. मेलबर्नचा आकडा आला. चारशेच्या वर गेला की स्वादुपिंडाला सूज आहे असं धरतात. हिचा अकराशेच्या वर आहे. सोनोग्राफीतही सूज स्पष्ट दिसली. कोल्ह्यांचं विष पोटात गेलं की कुत्रं पिसाटासारखं धावतं, आचके देतं. यातलं काहीएक टॉफीला झालेलं नाही. चरबी खाऊन झालंय हे.

आणि कुठली चरबी, तेही मला कळलंय. सोमवारी संध्याकाळी तिनं कागदाचा एक बोळा ओकला. चरबीत निथळणारा, कांद्याचे काळे तुकडे चिकटलेला. चिमट्यानं उलगडला. आतलं शब्दकोडं हिरव्या शाईनं भरलेलं होतं, आत्या, तुझ्या अक्षरात. भाजायच्या तव्याखाली चरबी गळते त्या डब्यात अंथरायला वर्तमानपत्रं तूच नेतेस.

तेव्हाच लिहिणार होते, पण आकडा येईपर्यंत थांबले. मधल्या वेळात तुझं पत्र आलं, आणि ते वाचून मला तुझी किळस आली. त्या बोळ्याची आली नव्हती, एवढी. चूक कुणाचीही होते. पण त्या माणसानं गाडीभर ओकारी सहन करत तुझी कुत्री वाचवली आणि तू त्याला गावात वाळीत टाकायला लावलंस. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. रविवारच्या चहाला तू सांग, नाहीतर मी येऊन सांगते.

लोभ आटलेला नाही, म्हणूनच इतकं लिहिलं.

लिनेट

टारिंगडेल,
सोमवार, २७ मे

चि. लिनेटला आशीर्वाद. अजून घेणार असशील तर.

आर्ची दर निवडणुकीला तो डबा घरी आणून कुत्र्यापुढे ठेवायचा. टॉफीचंही मत पडलं पाहिजे म्हणायचा, आणि आम्ही हसायचो. तो गेल्यावर पहिलीच निवडणूक. मीच ठेवला, कागदासकट. रविवारी सकाळी डबा चाटूनपुसून लख्ख झालेला दिसला. मी तो धुतला, फडताळात मागे सरकवला आणि चहाला गेले. चार दिवस स्वतःलाही पटवत होते की कीथनंच केलं. तुला माझी किळस आली म्हणतेस. मला तर आरशासमोर उभं राहवत नाही.

काल सगळ्यांसमोर सांगितलं. मग डेस्मंडला घेऊन कीथकडे गेले. तो गाडीची सीट काढून तिसऱ्यांदा धूत होता. माफी मागितली तर म्हणाला, त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. गाडीत ती ओकली तेव्हाच आमच्या सॉसेजचा आणि कांद्याचा वास आला होता, आणि डबा मी घरी नेताना त्यानं पाहिलं होतं.

मी विचारलं, मग पोलिसाला का नाही सांगितलं? तो फडकं पिळत म्हणाला, "मर्लबाई, ती मेली असती तर? तुमच्या हातून मेली, हे तुम्हाला कळायला नको होतं."

टॉफीला आणायला शुक्रवारी येते. कीथच सोडतो म्हणालाय. मी नको म्हणू शकले नाही.

लोभाची हक्कदार उरले असेन, तर असू दे.

मर्ल