सकाळचं बसणं

आई, हल्ली मी रोज सकाळी बसते. हुडकेश्वरच्या याच घरात, स्वयंपाकघरात, तू चटई टाकायचीस त्याच जागी. तू होतीस तेव्हा एकदाही तुझ्याजवळ बसले नाही. मला हसूच यायचं. आपल्याकडे 'बसणं' म्हणजे बाटली उघडून बसणं, आणि विहारातल्या ध्यानाच्या शिबिरातून आल्यापासून तू ज्याला त्याला सांगायचीस, मी रोज बसते. मामा म्हणाला होता, "आमी संध्याकाळी बसलो तर भांडते, अन् तू तं सकाळीच बसून राहिली!" तूही हसलीस आणि त्याच्या ताटात आणखी एक पोळी टाकलीस.

तुझं ध्यान तसं शांतही नसायचं. डोळे मिटलेले, लक्ष श्वासावर, आणि मध्येच, "दूध पाय वं, उतू जाऊन राहिलं!" मी गॅस बंद करेपर्यंत तू डोळे मिटून पुन्हा आत गेलेली.

लग्नाचं मी तुला तिथेच विचारलं. मुलगा पुण्याचा, माझ्याच वर्तमानपत्रातला. तू बसलेली आहेस, मी पर्स खांद्याला लावून दारात उभी. "करू का?" तू डोळे उघडत नाहीस. "मले काहून विचारून राहिली? बस इथं. आतून विचार."

"हो की नाही, एवढंच सांग ना. तुझ्या आतून काय येतं?"

"माह्या आतून माहंच येईल. तुहं काहून येईल वं?"

मला वाटलं, तू अंग काढून घेतेस. मी ऑफिसला गेले, आणि पुढे लग्नही केलं. ते मोडलं तेव्हा तू नव्हतीस, म्हणून लोकांना सांगणं सोपं गेलं, की आईला विचारलं होतं, ती काही बोललीच नाही. त्या सकाळी जरा टेकले असते, तर कदाचित उत्तर 'हो'च आलं असतं. पण ते माझं असतं. मग दोष द्यायला तुला शोधत फिरले नसते.

या सोमवारी त्याचा पुण्याहून फोन आला. वेगळे झालो त्यालाही आता वर्षं लोटली. झालं गेलं विसर, परत ये, म्हणाला, रविवारपर्यंत कळव. बातमी असती तर वेळेत देऊन मोकळी झाले असते. हे तसं नव्हतं. गेले काही महिने नुसतं श्वासाकडे बघायला बसायचे, ती आता रोज हा प्रश्न घेऊन बसू लागले.

बसलं की श्वासाच्या आधी तूच येतेस. मी विचारते, जाऊ का? तू म्हणतेस, मले काहून विचारून राहिली. मी पुन्हा विचारते.

आज शनिवार. सकाळी उत्तर आलं: नाही जायचं. त्यात राग नव्हता, भीतीही नव्हती. आवाज माझा होता, ऑफिसात डेस्कवर बोलते तसलाच, प्रमाण मराठीतला. उद्या त्याला तसं कळवेन.

आनंद व्हायला हवा होता. मी मात्र डोळे मिटून तशीच थांबले, तू काही बोलशील म्हणून. तू बोलली नाहीस. प्रश्न होता तोवर रोज यायचीस.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा सांगून टाकते. उत्तर ठाऊक असूनही उद्या सकाळी मी तोच प्रश्न विचारणार आहे.