रिकाम्या केबिनचं पाणी

२१ एप्रिल, सोमवार
...मग मी शेळीला पाला टाकला, चूल सारवली, यांच्या डब्यात भाकर आणि ठेचा बांधला. हे सायकलला जाळं बांधत होते. तीन वर्षांपूर्वीची ती सकाळ इतकी साधी, की तिच्यात लक्षात ठेवण्यासारखं काही नाही. तरी मला ती सगळी आठवते. त्या दिवशी हे याच धरणात मासे धरायला गेले आणि डोंगा तेवढा काठाला लागला. देह सापडला नाही. शेवटी पळसाच्या पानांचा माणूस करून जाळला.

आज इथेच कामाला आले, पण मन हलकं आहे. पाहुण्यांना फिरवायची नवी बोट आली आहे, तिची झाडलोट माझ्याकडे. काठावर पत्र्याची खोली मिळाली. खिडकीतून पाणी दिसतं. माझी लेक निकिता आसेगावला काकाकडे आहे. चार तारखेला ती कायमची माझ्याजवळ येईल. नोकरी धरली ती त्यासाठीच.

२३ एप्रिल
बोटीवरच्या केबिनचा एसी दहा मिनिटांत बंद पडतो. मॅनेजर किसनसिंग म्हणाले, एक तारखेला उद्घाटन आहे, थंडावा नसेल तर बोटही राहणार नाही आणि तुमची खोलीही. मालेगावचा मिस्त्री वसीम लग्नघरात अडकलेला. तो फोनवर सांगत गेला, मी करत गेले.

हे यंत्र धरणाचं पाणी ओढून स्वतःला गार करतं आणि बाजूच्या भोकातून ते बाहेर टाकतं. भोकातून धारच येत नव्हती. पाणी आत घेणारी जाळी उघडली तर शेवाळाने गच्च. धुतली, तरी धार नाही. पंपात हवा अडकली असेल, असं मीच म्हणाले. आमच्या विहिरीच्या मोटरीला असंच व्हायचं. नळीची क्लिप सैल केली, हवा फुसफुसत निघून गेली आणि मनगटाएवढी धार पडली. वसीम म्हणाला, "मावशी, तुमी माह्या दुकानावर बसा, मी घरी झोपतो."

२६ एप्रिल
केबिनच्या हवेतली ओल पाणी होऊन एका बारीक नळीतून बादलीत पडते. आज चाचणी म्हणून दिवसभर केबिन बंद ठेवून यंत्र चालवलं. संध्याकाळी बादली काठोकाठ. वसीमला पटेना. रिकाम्या खोलीतली ओल एकदा निघाली की थेंब थांबतात, म्हणाला. एवढं पाणी माणसं बसली तरच पडतं, ते त्यांच्या श्वासातलं असतं. दाराच्या फटीतून बाहेरची हवा शिरत असेल. मी फट चिकटपट्टीने बंद केली.

२८ एप्रिल
फट नाही. उदबत्तीचा धूर दाराभोवती फिरवून पाहिला, सरळ वर जातो. बादली पुन्हा भरली. पाण्याला गाळाचा वास.

दाराच्या काचेवर आतून वाफ धरली होती, तळहाताएवढी. आत जाऊन पुसली, त्यासाठी टाचा उचलाव्या लागल्या. बाहेर येऊन दार लावलं तर त्याच जागी पुन्हा धरली. भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. दारासमोर बसून मी आजची भाकर खाल्ली.

३० एप्रिल, आखाजी
आज मेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. दोन वर्षं घरात भरली. यंदा केबिनमध्ये मांडली आणि बादलीतलंच पाणी ओतलं. त्यांच्याच श्वासाचं असेल, असं मनात आलं. नवऱ्याचं नाव मी आजवर तोंडाने घेतलेलं नाही. आज घेतलं. जगदेव, या, म्हणाले. आखाजीला पाणी पाजून माणसाला पुढच्या वाटेला लावायचं असतं. मी बोलावून बसले.

१ मे
उद्घाटन झालं. पाहुणे गारव्यावर खूश. कोपऱ्यातल्या खुर्चीवर कुणी बसलं नाही, का ते कुणाला सांगता येईना. नंतर पुसायला गेले तर तिची गादी ओली. घागर कोरडी ठाक.

२ मे
रिकाम्या केबिनचं दोन बादल्या पाणी.
आज काच पुसताना कळलं. हे उंचीने माझ्या कानाएवढे होते. लग्नात सगळे हसले होते– नवरदेवाला पाटावर उभं करा म्हणून. वाफ माझ्या डोक्याच्या हातभर वर आहे.
मग मी कुणाला–

३ मे
किसनसिंगांना सांगितलं. म्हणाले, "तुमाले ऊन लागलं, मावशी. कांदा ठेवा डोक्यावर."
आसेगावला फोन केला, पोरीला पाठवू नका. दीर म्हणाला, काहून? ती तं कालपासून पिशवी भरून दारात बसून राह्यली.
ऊन फार आहे, एवढं म्हणून फोन ठेवला.

४ मे
निकिता आली. पत्रा तापलेला. तिला सांगितलं, बोटीकडे जायचं नाही. मी हापशावरून पाणी आणायला गेले, तेवढ्यात– किसनसिंगांनी चांगल्या मनाने– पोर घामेजली म्हणून केबिन उघडून दिली. मी हंडा टाकून धावले. दार लावलेलं. काचेवर वाफ नव्हती.
दार उघडून तीच बाहेर आली. केस ओले. छान झोप लागली, म्हणाली. तांब्याभर पाणी एका दमात प्यायली. मग दुसरा.

५ मे
यंत्र चालू. धार चांगली. केबिन रिकामी, बादली कोरडी. दिवसभरात थेंब नाही.
वसीम म्हणाला, झाला ना दुरुस्त.
निकिता बोलत नाही. खोलीच्या दारातून जाताना वाकते. तिच्या डोक्यावर हातभर जागा आहे, तरी–

६ मे
ती झोपली आहे. मी बोटीवर जाऊन बादली आणली आणि तिच्या खाटेखाली ठेवली. पहिला थेंब