न्यिरोंगो आजोबांच्या गोष्टी आणि चार डिस्क

सोमवार, ४ मार्च. सकाळी ९:१०
वीज गेली. आली. सर्व्हर आला नाही. काळ्या पडद्यावर एकच ओळ: सुरू व्हायला डिस्क सापडत नाही. सापडेल. अकरा वर्षं लुंडाझी गावच्या या रेडिओ केंद्राची सगळी यंत्रं मी एकटा सांभाळतोय. आमच्या मॅनेजर गोंडवे बाईंना सांगितलं, जेवणापर्यंत होईल. कुठलं जेवण, ते त्यांनी विचारलं नाही.

दुपारी ४
सात वेळा बंद-चालू केला. आत चार डिस्क एकत्र बांधलेल्या आहेत. एक गेली तरी उरलेल्या तिघी घर चालवतात. पहिलीचा दिवा डिसेंबरपासून नारिंगी होता. डोळ्यांत खुपायचा, म्हणून मी त्यावर चिकटपट्टी लावली होती. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

मंगळवार, ५ मार्च
न्यिरोंगो आजोबांची मुलगी लायनेस आली. आजोबांनी वीस वर्षं दर रविवारी आमच्या रेडिओवर गोष्टी सांगितल्या. नोव्हेंबरात अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली. तेव्हापासून आम्ही जुनी रेकॉर्डिंग लावतो आणि ते स्वतःचाच आवाज ऐकत बसतात. सगळी रेकॉर्डिंग सर्व्हरवर. लायनेस म्हणाली, फक्त रविवारी तेवढे पोटभर जेवतात, बाकी दिवस ताट सरकवतात. येत्या रविवारी लागेल ना? मी सांगितलं, काळजी नको, बॅकअप आहे.

सायंकाळी ५:३०
बॅकअप आहे. त्याच सर्व्हरवर, 'बॅकअप' नावाच्या फोल्डरमध्ये.
मक्याच्या पिठाचा न्सिमा उभ्यानेच खाल्ला. बायको एस्नार्ट म्हणाली, नवरा जेवतोय की पहारा देतोय? बायकांना यंत्रातलं काय कळणार.

बुधवार, ६ मार्च. सकाळी ११
निश्चय: आज धाडस. चारही डिस्क बाहेर काढल्या, फुंकर मारली, परत बसवल्या. आता पडदा विचारतो: परकी रचना सापडली आहे. आत घ्यायची की पुसायची? विचार केला. परक्याला कुणी घरात घेतं का? पुसली.
मग नवी रचना केली. सगळं कोरं करून सुरुवात करू का? हो. नक्की? यंत्राचा स्वतःवर विश्वास नाही. माझा आहे. हो.

दुपारी ४
शंभर टक्के. सगळे दिवे हिरवे! गोंडवे बाईंना हाताला धरून आणून दाखवले. त्या म्हणाल्या, छान दिसतात.

४:२०
सुरू होत नाही. पण हिरवे आहेत.

गुरुवार, ७ मार्च
मला न विचारता बाईंनी चिपाटा शहरातून तोवेला झिंबा नावाच्या, संगणक दुरुस्त करणाऱ्या मुलीला बोलावलं. मला वाईट वाटलेलं नाही. खोली दोनदा झाडली. चिकटपट्टी काढून टाकली. बस उद्या येणार, तरी फाटकापर्यंत पाच वेळा जाऊन आलो. व्यायाम हवाच.

शुक्रवार, ८ मार्च
महिला दिनाची सुट्टी. कमरेला सारख्या कापडाचे चितेंगे गुंडाळून गावभर बायकांचा मोर्चा. त्यातूनच तोवेला पाठीवर पिशवी टाकून आली. वय सव्वीस-सत्तावीस. मी तासभर सगळं समजावलं. तिने वीस मिनिटं काम केलं. मग विचारलं, बुधवारी नेमकं काय दाबलं? सांगितलं. तिने की-बोर्ड बाजूला सरकवला.
"काका," ती म्हणाली, "बुधवारी सकाळपर्यंत सगळं शाबूत होतं. ती परकी रचना तुमचीच होती. तिला फक्त आत घ्यायचं होतं."
परत आणता येईल का, ते मी विचारलं. तीनदा.

शनिवार, ९ मार्च
निश्चय: लायनेसला सांगायचं, विजेने घात केला. वाटेत चार वाक्यं पाठ केली. आजोबा आंब्याखाली, मांडीवर रेडिओ. लायनेस शेंगा सोलत होती. पहिलं वाक्य 'वीज'पासून सुरू केलं. आजोबांनी मान वर केली. पुढे काय होणार म्हणून, गोष्ट ऐकावी तसे बघत राहिले.
"मीच पुसलं," मी म्हणालो.
लायनेस ओरडली नाही. शेंगा सोलत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. येताना रस्ता फार लांब वाटला, बहुधा नवीन बुटांमुळे.

रविवार, १० मार्च. रात्री ८
गोंडवे बाईंनी रेडिओवर खरं ते सांगितलं. माझा उल्लेख 'तांत्रिक अडचण' असा केला. म्हणाल्या, आजोबांची गोष्ट ज्यांना आठवत असेल त्यांनी फोन करून सांगावी. दोन ते पाच फोन थांबला नाही. पहिला एक ट्रक ड्रायव्हर, मग एक नर्स, अगदी शेवटी कापसाच्या गोदामातला रखवालदार. सर्व्हरबद्दल कुणी चौकशी केली नाही.
आत्ता लायनेसचा फोन येऊन गेला. तिसऱ्या माणसाने सशाची आणि विहिरीची गोष्ट सांगितली आणि शेवटाचा पार विचका केला. आजोबांनी हातातला चमचा रेडिओवर आपटला आणि ओरडले. शब्द नव्हता, पण शिवीच होती. नोव्हेंबरपासूनचा पहिला आवाज. मग ताटभर न्सिमा खाल्ला. तिने विचारलं, तो माणूस कोण होता? पुढच्या रविवारीही त्याला फोन करायला सांगा.
शोधतो म्हणालो.
तिसरा फोन माझा होता. शेवट मी बरोबरच सांगितला होता.